परांची बांधणाऱ्याला आणि स्टील उभं करणाऱ्याला लायसन्स लागतं का?

वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नऊ वर्षं स्कॅफोल्डिंग (परांची बांधणं) आणि स्ट्रक्चरल स्टील इरेक्शन (इमारतीचा पोलादी सांगाडा उभारणं) अशी दोन्ही कामं केलीत, त्यातली काही वर्षं आखातात. आता ऑस्ट्रेलियाचा विचार आहे. एक एजंट म्हणतो, ‘इंटरनॅशनल स्कॅफोल्डिंग लायसन्स काढून देतो. कुठल्याही देशात चालतं, स्टीलच्या कामालाही तेच चालतं.’ हे खरं का, आणि नसेल तर नेमकं काय काढावं लागतं, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही. जगभर चालणारं स्कॅफोल्डिंगचं लायसन्स ही चीजच अस्तित्वात नाही. लायसन्स सरकार देतं आणि कुठल्याही सरकारचा हुकूम त्याच्या हद्दीपुरताच. शिवाय ऑस्ट्रेलियात परांची आणि स्टील यांचे वर्ग वेगळे आहेत, त्यामुळे एकाच कागदावर दोन्ही भागत नाही. तरीही एजंटला लबाड म्हणून विषय संपवू नका. तो जो कागद देणार आहे तो कदाचित अस्सलही असेल, फक्त तो लायसन्स नसेल. सगळा घोळ इथेच होतो.

साइटवर आपण गेटवर दाखवायच्या प्रत्येक कागदाला ‘लायसन्स’ नाहीतर ‘कार्ड’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिलं, खरं लायसन्स. ते सरकारी नियामक व्यक्तीच्या नावाने देतो, आणि ते नसताना काम केलं तर करणारा आणि करून घेणारा दोघंही कायदा मोडतात. दुसरं, उद्योगाचं कार्ड. कायद्याने त्याची सक्ती नसते, पण मोठा कंत्राटदार त्याशिवाय आत सोडत नाही. तिसरं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. अमुक माणसाने अमुक ठिकाणी अमुक कोर्स पुरा केला, एवढंच ते सांगतं. चौथा कागद मालकाचा किंवा साइटचा: ‘या इसमास या प्रकल्पावर परांची बांधण्यास अधिकृत केले आहे.’ प्रकल्प संपला की त्याची किंमतही संपली. एजंट लोक सहसा तिसऱ्या प्रकारचा कागद पहिल्याच्या नावाने खपवतात. प्रमाणपत्र खरं, शिक्का खरा, संस्था खरी. फक्त विमानातून उतरल्यावर त्यावर काम करता येत नाही.

म्हणून कुठल्याही देशाचं बघताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की इथला कायदा जबाबदारी कोणाच्या गळ्यात घालतो? कामगाराच्या, गटप्रमुखाच्या, कंपनीच्या की मालकाच्या? त्याचं उत्तर मिळालं की कोणता कागद लागणार हे आपोआप कळतं.

भारतात ती मालकावर आणि कंत्राटदारावर आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली) केलेल्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ती जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली बांधायची, असं त्यात म्हटलंय. मानक ब्यूरोचं परांचीसाठी आयएस ३६९६ आणि स्टील उभारणीसाठी आयएस ७२०५ आहे. पण बांधणाऱ्या कामगाराच्या नावाने सरकारी लायसन्स नाही. कल्याणकारी मंडळात नोंद करून मिळतं ते ओळखपत्र. त्यासाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, एवढं पुरतं. ते योजनांचा लाभ मिळावा म्हणून आहे, कौशल्याचा दाखला म्हणून नव्हे. बरेच जण ते बाहेरच्या मुलाखतीत लायसन्स म्हणून पुढे करतात आणि समोरचा बुचकळ्यात पडतो.

ब्रिटनमध्येही सरकारी लायसन्स नाही, पण तिथे दुसऱ्या प्रकारचा कागद फार वजनदार आहे. उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम सांगतात की परांची सक्षम आणि प्रशिक्षित माणसांनीच बांधायची, आणि जिथून २ मीटर किंवा जास्त खाली पडण्याची शक्यता आहे तो प्लॅटफॉर्म वापरात असेतोवर दर ७ दिवसांच्या आत तपासायचा. माणूस प्रशिक्षित आहे हे कसं ठरवायचं? तर सीआयएसआरएस या तिथल्या परांची उद्योगाच्या नोंदणी योजनेच्या कार्डावरून. ट्रेनी, मग स्कॅफोल्डर, मग अॅडव्हान्स्ड अशा त्याच्या पायऱ्या आहेत. स्टील इरेक्टरचं कार्ड वेगळं, ते सीएससीएस या बांधकाम कामगारांच्या कार्ड व्यवस्थेत येतं. तुमच्या कामाची गोष्ट अशी की याच सीआयएसआरएसची परदेशांसाठी वेगळी योजना आहे, तिला ओएसटीएस म्हणतात. आखातात तिला चांगला मान आहे. तुमचा एजंट बहुधा याच किंवा अशाच एखाद्या कार्डाला ‘इंटरनॅशनल लायसन्स’ म्हणत असावा. पण ओएसटीएसचं कार्ड खुद्द ब्रिटनमध्येही तिथल्या नेहमीच्या कार्डाच्या जागी चालत नाही, मग ऑस्ट्रेलियाची बातच सोडा.

अमेरिकेत संघीय पातळीवर लायसन्स नाही. ओशा या कामगार सुरक्षेच्या संघीय संस्थेच्या नियमांत परांचीचा भाग वेगळा आणि स्टील इरेक्शनचा वेगळा, आणि दोन्हींत भार आहे तो मालकाने दिलेल्या प्रशिक्षणावर आणि साइटवरच्या ‘सक्षम व्यक्ती’वर. शहरं आपापली भर घालतात. न्यूयॉर्क शहरात उभी परांची बांधणाऱ्या-उतरवणाऱ्याला ३२ तासांचं प्रशिक्षण लागतं. सिंगापूरने कंपनीला धरलंय: मोठ्या परांचीचं काम मान्यताप्राप्त स्कॅफोल्ड कंत्राटदारानेच करायचं. जपानने गटप्रमुखाला धरलंय: ५ मीटर किंवा त्याहून उंच परांचीवर परीक्षा दिलेला कामप्रमुख नेमावाच लागतो, ५ मीटरपासून पुढच्या स्टीलच्या सांगाड्याला त्याचा निराळा कामप्रमुख, आणि २०१५ पासून परांची जोडणाऱ्या प्रत्येक कामगाराला विशेष शिक्षण सक्तीचं. मला ही जपानची रचना आवडते. गट कोणाच्या शब्दावर हलतो हे तिथे कागदावरच ठरलेलं असतं.

आखात तुम्ही पाहिलंय, तिथलं जास्त सांगत नाही. तिथे खरा हुकूम प्रकल्पाच्या मालकाचा चालतो. सौदी अरामकोसारख्या कंपनीची परांचीसाठी स्वतःची नियमावली आहे, आणि ती तिच्या साइटवर पाळावीच लागते. तुमच्याकडे तिथली जी कार्डं असतील ती अनुभवाचा पुरावा म्हणून जपून ठेवा. त्यांचा उपयोग आहे, पण लायसन्स म्हणून नाही.

आता ऑस्ट्रेलिया. इथे थोडं तपशिलात जातो, कारण कामगाराच्या नावाने खरं लायसन्स मागणाऱ्या देशांतलं हे ठळक उदाहरण आहे आणि तुम्हाला जायचंही तिथेच आहे.

त्याचं नाव ‘हाय रिस्क वर्क लायसन्स’. नियमांचा आदर्श नमुना २०११ चा आहे आणि बहुतेक राज्यांनी तो उचललाय. व्हिक्टोरियाचे नियम स्वतःचे आहेत, पण लायसन्सचे वर्ग सारखेच आणि एका राज्याचं लायसन्स देशभर चालतं. किमान वय १८. मुदत ५ वर्षं.

परांचीचे तीन वर्ग: बेसिक, इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड. फॅक्टरीत तयार केलेल्या सुट्या भागांची परांची, म्हणजे फ्रेम किंवा आपल्या कपलॉकसारखी मॉड्युलर, बेसिकमध्ये येते. सुरक्षा जाळ्या, ब्रॅकेटवरची परांची आणि ५०० किलोपर्यंतचा, बाहेर काढलेला, माल वर चढवायचा हॉइस्टही त्यात. इंटरमीडिएटमध्ये सुटा पाइप आणि क्लॅम्प, इमारतीबाहेर काढलेली कँटिलिव्हर परांची, क्रेनने माल उतरवायचे बाहेर काढलेले प्लॅटफॉर्म, मास्ट क्लायंबर (उभ्या खांबावर वरखाली सरकणारा प्लॅटफॉर्म). अॅडव्हान्स्डमध्ये लटकती परांची, मग ती दोरावर असो, साखळीवर किंवा वरून सोडलेल्या पाइपावर. वरच्या वर्गासाठी खालचा आधी लागतो.

आता ४ मीटरचा मुद्दा. इथे भलेभले चुकतात. कायदा ‘४ मीटर उंच परांची’ म्हणत नाही. जिथून माणूस किंवा वस्तू ४ मीटरपेक्षा जास्त खाली पडू शकते, अशा परांचीला लायसन्स लागतं. दोन्हींत फरक आहे. अडीच मीटरचा छोटा टॉवर सपाट जमिनीवर असेल तर लायसन्स लागत नाही. तोच टॉवर बेसमेंटच्या खड्ड्याच्या कडेला लावला, किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या टोकाशी लावला, की पडण्याचं अंतर एकदम वाढतं आणि लायसन्स लागू होतं. टॉवर तोच, भाग तेच, बांधणाराही तोच. म्हणून ‘किती उंच?’ याच्या आधी ‘खाली काय आहे?’ हे विचारायची सवय लावा. आणि लायसन्स लागत नाही याचा अर्थ कुणीही बांधावी असा नाही. ४ मीटरच्या आतली परांचीही मजबूत असायला हवीच, आणि ती बांधणाऱ्याला काम यायलाच हवं.

स्टीलचं काय? ‘स्टील इरेक्टर’ नावाचा वर्ग यादीत शोधलात तर सापडणार नाही. स्ट्रक्चरल स्टील उभारणं हे ‘बेसिक रिगिंग’मध्ये मोडतं. आपल्याकडे साइटवर ज्या गँगला खलाशी म्हणतात, त्यांचं काम. कारण सरळ आहे: स्टील उभं करताना मुख्य धोका लटकत्या वजनाचा आणि अर्धवट उभ्या सांगाड्याचा असतो. बोल्ट आवळणं हा त्यातला सोपा भाग.

आणि बेसिक रिगिंगच्या आधी ‘डॉगिंग’ लागतं. डॉगिंग म्हणजे वजनाचा अंदाज घेऊन योग्य स्लिंग (वजन बांधायचा पट्टा किंवा दोर) आणि शॅकल (जोडकडी) निवडणं, ती बांधण्याची पद्धत ठरवणं, स्लिंग खराब आहे का ते तपासणं, आणि क्रेन ऑपरेटरला वजन दिसत नसेल तेव्हा त्याला खुणेने किंवा वॉकीटॉकीवरून सूचना देणं. आपल्याकडे हे सगळं ‘सिग्नलमन’ या एका शब्दात उरकतात आणि नवशिक्या पोराच्या हातात शिट्टी देऊन टाकतात. तिथे तो स्वतंत्र परीक्षेचा विषय आहे आणि मला ते रास्त वाटतं. रिगिंगच्या वरच्या पायऱ्या इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड. दोन क्रेननी एकच वजन उचलणं आणि जमिनीवर ओतलेली काँक्रीटची भिंत उचलून उभी करणं ही इंटरमीडिएटमधली. जिन पोल (वजन उचलायचा एकच खांब), केबलवे (ताणलेल्या दोरावरून माल नेणं), ताणदोरांवर उभे राहणारे मनोरे ही अॅडव्हान्स्डमधली.

नुसते वर्ग वाचून डोक्यात चित्र उभं राहत नाही, म्हणून एक साधा शेड घ्या. कॉलम, छताचे राफ्टर, त्यांवर आडवे परलिन आणि पत्रा. ट्रेलरवरून मोबाइल क्रेनने माल उतरतोय. स्लिंग कुठली आणि कुठे बांधायची हे ठरवून क्रेन ऑपरेटरला खुणा करणारा, त्याला डॉगिंग हवं. कॉलम उभा करून अँकर बोल्टवर बसवणारी आणि राफ्टर हवेत जोडणारी जोडी, तिला बेसिक रिगिंग. क्रेन ऑपरेटरचं लायसन्स अर्थातच वेगळं. लांब राफ्टर आहे, एक क्रेन पुरत नाही, दोन लावायच्या ठरल्या, की बेसिक रिगर तिथे थांबला आणि इंटरमीडिएटवाला लागला. सांगाडा पक्का झाल्यावर बूम लिफ्टच्या, म्हणजे लांब हात असलेल्या यंत्राच्या, बास्केटमधून बोल्ट ठरल्या जोराने आवळणारा माणूस वजन हलवत नाहीये, त्याला रिगिंगची गरज नाही. मात्र त्या लिफ्टची बूम ११ मीटर किंवा जास्त लांब असेल तर ती चालवण्याचं लायसन्स लागतं. सरळ वर जाणाऱ्या सिझर लिफ्टला ते लागत नाही. पत्र्याच्या कामासाठी बाजूने ६ मीटरची मॉड्युलर परांची उभी केली, तर ती बांधणाऱ्यांना स्कॅफोल्डिंग बेसिक, आणि कोपऱ्यात जागा अडचणीची म्हणून तेवढा भाग सुट्या पाइप-क्लॅम्पचा केला तर त्याला इंटरमीडिएट. एका शेडवर एका दिवसात इतक्या परी. दुचाकीच्या लायसन्सवर ट्रक चालवता येत नाही, तसंच हे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: ऑस्ट्रेलियात तुमच्या दोन कामांना दोन वेगळ्या वाटा आहेत. परांचीची वाट बेसिकपासून सुरू होते, स्टीलची डॉगिंगपासून. एजंटचा कागद या दोन्हींपैकी कशातच बसत नाही.

लायसन्स मिळवायचं कसं? बांधकामाच्या साइटवर पाय ठेवण्याआधी सर्वसाधारण सुरक्षेचं ‘व्हाइट कार्ड’ लागतं. ते सगळ्यांनाच, रंगाऱ्यालाही. ते लायसन्स नव्हे. त्यानंतर नोंदणीकृत प्रशिक्षण संस्थेत हव्या त्या वर्गाच्या कोर्सला नाव घालायचं. नाव घातल्यावर, शिकाऊ म्हणून, त्याच वर्गाचं लायसन्स असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष साइटवर काम करता येतं. केलेल्या कामाची नोंद लॉगबुकात ठेवायची. मग नियामकाने मान्यता दिलेला परीक्षक परीक्षा घेतो. लेखी किंवा तोंडी प्रश्न, हिशेब आणि प्रत्यक्ष काम. पास झालात की ६० दिवसांच्या आत लायसन्ससाठी अर्ज करायचा. ही ६० दिवसांची खिडकी विसरू नका. आणि हो, मुदत संपल्यावर बारा महिन्यांत नूतनीकरण केलं तर ठीक, त्याहून उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. मध्ये गावी येऊन राहणाऱ्यांची गोची इथे होते.

तुमची नऊ वर्षं मग वाया गेली का? नाही, पण ती परीक्षेच्या जागी चालत नाहीत. परीक्षकासमोर उभं राहावंच लागतं. अनुभवाने शिकण्याचा वेळ वाचतो, आणि नोकरी देताना तो बघितला जातो. बाकीचं परिस्थितीवर आहे: कोणत्या राज्यात जाताय, संस्था शिकवायला किती वेळ घेते, आणि तुमचं इंग्रजी कसं आहे. शेवटचा मुद्दा हलका समजू नका. परीक्षा इंग्रजीत असते आणि चांगले चांगले हात भाषेमुळे अडकताना मी पाहिलेत. स्टँडर्ड (उभा पाइप), लेजर (लांबीचा आडवा), ट्रान्सम (रुंदीचा आडवा), टाय (परांची इमारतीला धरून ठेवणारा), सोल बोर्ड (पायाखालची फळी), टो-बोर्ड (कडेची उभी फळी) ही नावं तुम्ही रोज घेताच. अडचण येते ती ‘का’ या प्रश्नाला वाक्यात उत्तर देताना. तयारी तिथे करा.

परीक्षेत काय बघतात, हे मी माझ्या कामावरून सांगतो. बरीच वर्षं परांच्या तपासण्याचं आणि माणसं पारखण्याचं काम करतोय. मुलाखतीत मी टेबलावर ४८.३ मिलिमीटरच्या पाइपाचे दोन क्लॅम्प ठेवतो, एक राइट अँगल (काटकोनात धरणारा) आणि एक स्विव्हल (कुठल्याही कोनात फिरणारा). विचारतो, लेजर स्टँडर्डला कशाने बांधाल आणि ब्रेस कशाने? काम केलेला माणूस बोलायच्या आधी हाताने क्लॅम्प उचलतो, नट फिरवून बघतो, धागा खराब आहे का ते अंगठ्याने चाचपतो. मग म्हणतो, लेजरला राइट अँगल, कारण भार तिथून उतरतो. ब्रेस तिरका, म्हणून स्विव्हल. हे उत्तर आलं की पुढचा प्रश्न: साइटवर राइट अँगल संपलेत, स्विव्हल ढिगाने पडलेत, फोरमन म्हणतो चालवून घे. काय कराल? इथे गप्प बसणारे बरेच निघतात. तुमचा खरा अनुभव मला इथे कळतो.

प्रत्यक्ष कामात परीक्षकाची नजर वर नाही, खाली असते. जमीन पाहिली का? सोल बोर्ड नीट टेकलाय की खाली पोकळ आहे? बेस जॅक (पायाचा उंची जुळवायचा स्क्रू) किती बाहेर काढलाय? पहिली लिफ्ट, म्हणजे परांचीचा पहिला टप्पा, ओळंब्यात आणि लेव्हलला आहे ना? पाया वाकडा गेला की वर कितीही सफाई दाखवा, परांची सरळ होत नाही. त्यानंतर टाय. वर चढता चढता टाय बांधत गेलात की ‘शेवटी एकदम मारू’ म्हणून ठेवलेत? आणि फळीवर पाय ठेवायच्या आधी सुरक्षा पट्ट्याचा हुक अडकवलात की नंतर? उतरवताना तर अजून कडक बघतात. बांधताना शहाणपणाने वागणारे लोक उतरवताना टाय आधी काढून मोकळे होतात.

स्टीलवाल्याला मी एकच विचारतो: क्रेनचा हुक कधी सोडायचा? ‘बीम बसला की’ म्हणणारा नापास. अमेरिकेच्या नियमांत याचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते कुठल्याही देशात लक्षात ठेवण्यासारखं आहे. भरीव बीम असेल तर प्रत्येक जोडात किमान दोन बोल्ट, पान्याने घट्ट केलेले, त्याशिवाय हुक सोडायचा नाही. कॉलमला किमान चार अँकर बोल्ट हवेत. आणि पायाच्या काँक्रीटने ठरलेल्या ताकदीच्या ७५ टक्के ताकद धरलीय असं लेखी मिळाल्याशिवाय उभारणीच सुरू करायची नाही. हा तिसरा आकडा ऐकून लोक चकित होतात, कारण काँक्रीट हे ‘सिव्हिलवाल्यांचं काम’. पण कॉलम उपटला गेला तर त्यावर बसलेला माणूस खलाशी असतो, सिव्हिलवाला नसतो.

लायसन्स हातात आल्यावर काय बदलतं तेही सांगतो. ते कामावर जवळ ठेवायचं, तपासणीसाने मागितलं की दाखवायचं. मालकाने काम सांगण्याआधी ते बघणं आणि त्याची नोंद ठेवणं ही त्याची जबाबदारी. त्यामुळे तिथे कुणी ‘राहू दे रे, बघू नंतर’ म्हणत नाही. अनेक कंपन्या लायसन्स असूनही आपल्या साइटवर पुन्हा एक छोटी चाचणी घेतात, त्याला तिथे व्हीओसी म्हणतात. त्यात अपमान मानू नका. पाच वर्षांपूर्वी पास झालेला माणूस आज काय करतो, हे त्यांना बघायचं असतं. आणि ज्या परांचीवरून ४ मीटरपेक्षा जास्त पडण्याची शक्यता आहे ती वापरण्याआधी आणि नंतर किमान दर ३० दिवसांनी सक्षम माणसाने तपासून लेखी द्यायची असते. ब्रिटनचे ७ दिवस आणि ऑस्ट्रेलियाचे ३० यांची गल्लत करू नका, मुलाखतीत हमखास विचारतात.

आता इथून निघण्याआधी काय करता येईल. जुन्या मालकांकडून पत्रं घ्या, आणि ‘स्कॅफोल्डर म्हणून समाधानकारक काम केले’ असलं गुळमुळीत पत्र घेऊ नका. कोणत्या पद्धतीची परांची, किती उंचीपर्यंत, लटकती किंवा कँटिलिव्हर केली का, स्टीलमध्ये किती टनांपर्यंतचे भाग, तुमची जागा गँगमध्ये कोणती, तारखांसह. नऊ वर्षांचा अनुभव ही एक ओळ कुणाला काही सांगत नाही. फोटो असतील तर त्यावर साइट आणि महिना लिहून ठेवा. शक्य असेल तर भारतात पूर्वानुभवाच्या मूल्यांकनातून कौशल्य प्रमाणपत्र घ्या. बांधकाम कौशल्य परिषदेच्या यादीत स्कॅफोल्डरची भूमिका आहे. ऑस्ट्रेलियात ते लायसन्सच्या जागी चालणार नाही, पण मालकासमोर कागदाची बाजू सुधारते.

व्हिसा हा वेगळाच विषय आहे आणि त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की काम करण्याची परवानगी आणि लायसन्स या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला देणाऱ्या एजंटांची सरकारी नोंदणी असते, तो नोंदणी क्रमांक विचारा आणि स्वतः पडताळा.

एजंटला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: हा कागद कोणत्या देशाचा कोणता नियामक देतो, त्यावर कोणता वर्ग लिहिलेला असेल, आणि त्याचा क्रमांक त्या नियामकाकडे कुठे तपासता येईल. तो ओएसटीएसचं नाव घेत असेल आणि तुम्ही पुन्हा आखातात जाणार असाल, तर पैसे फुकट जाणार नाहीत. ऑस्ट्रेलियाच पक्कं असेल तर तेच पैसे तिथल्या कोर्ससाठी राखून ठेवा.

पहिला वर्ग कोणता निवडायचा, हे तुमच्या हातांनी नऊ वर्षं काय केलंय त्यावर ठरेल. कपलॉक जास्त बांधलं असेल तर स्कॅफोल्डिंग बेसिकपासून सुरुवात करणं सोपं जाईल. स्टीलवर तुम्ही क्रेनखाली असायचात तर डॉगिंग आधी, आणि फक्त वर बसून बोल्ट मारत असाल तर डॉगिंगची तयारी शून्यातून करावी लागेल, हे धरून चाला. कोणत्या पद्धतीची परांची जास्त बांधलीत आणि स्टीलच्या गँगमध्ये तुमच्या हातात स्लिंग असायची की पाना, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगतो.